व्हाळाचं पाणी पाणपिसूला विचारून पाहा

फोंड्याच्या आसपास ज्यांची कुळागरं, म्हणजे सुपारीच्या बागा, आहेत त्यांना हे नवं नाही. पावसाच्या तोंडावर सुपारीवर बोर्डो मिश्रण मारायचं आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप बघून पुन्हा एकदा. नाहीतर कोळेरोग येतो आणि पोफळीखाली कच्च्या सुपारीचा सडा पडतो. मिश्रण म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद, म्हणजे तांब्याचं मीठ, आणि एक किलो चुना. त्यातलं घडावर किती बसतं आणि पाटातून व्हाळात, म्हणजे ओढ्यात, किती उतरतं, हे मला बरीच वर्षं जाणून घ्यायचं होतं. प्रयोगशाळेत बाटली नेली तर खिडकीपलीकडून पहिला प्रश्न येतो, "कशाची टेस्ट करायची?" तांबं म्हटलं तर तांब्याचा आकडा मिळतो. पण वरच्या अंगाला कोणी कीटकनाशक मारलं असेल, कुठल्या गॅरेजचं तेल आलं असेल, तर तो आकडा मी मागितलेलाच नसतो.

पाणपिसू, म्हणजे गोड्या पाण्यात उड्या मारत पोहणारा ठिपक्याएवढा कवचधारी जीव, असलं काही विचारत नाही. तिला त्या पाण्यात सोडायचं आणि अठ्ठेचाळीस तास बघायचं. पोहत राहिली तर ठीक. थांबली तर पाण्यात काहीतरी आहे. काय आहे ते ती सांगत नाही, आणि या पद्धतीची सगळी ताकद आणि सगळी मर्यादा एवढ्यातच आली. "काहीतरी" हे खरोखर विष आहे की नुसतं मीठ, ऊन, कमी प्राणवायू, की तुमच्याच हाताला लागलेला साबण, हे ठरवण्यातच नव्वद टक्के मेहनत जाते. पुढचं बरंचसं त्याबद्दलच आहे.

कोणता जीव घ्यायचा

पुस्तकात तुम्हाला डॅफ्निया मॅग्ना या जातीची पाणपिसू भेटेल. स्वीडनमधल्या आइनार नाउमान यांनी १९३०च्या दशकात तिचा विषपरीक्षेसाठी वापर सुरू केला आणि आज ओईसीडी या विकसित देशांच्या आर्थिक संघटनेची २०२ क्रमांकाची प्रमाणित पद्धत तिच्यावरच उभी आहे. चोवीस तासांच्या आतली पिल्लं, प्रत्येक तीव्रतेला किमान वीस, अठ्ठेचाळीस तास, तापमान १८ ते २२ अंश. इथेच आपली गाडी अडते. गोव्यात मे महिन्यात २० अंश ठेवायचे तर खोलीला दिवसरात्र एसी लागेल आणि वीज गेली की चार महिन्यांची मेहनत तासाभरात संपेल. शिवाय मॅग्ना ही थंड प्रदेशातली, ती इथल्या तळ्यात निसटू नये हेच बरं.

म्हणून मी मोइना वापरतो. डॅफ्नियाचीच चुलतबहीण, आकाराने लहान, मोठी झाली तरी जेमतेम एक मिलिमीटर. २५ ते ३० अंशांत ती खुशाल वाढते, चार-सहा दिवसांत पिल्लं देऊ लागते, आणि इथल्या तळ्या-डबक्यांत मुळातच असते. मत्स्यपालनाचा नाद असलेले लोक माशांच्या पिल्लांना खाऊ म्हणून ती पाळतात, त्यामुळे म्हापसा-मडगावच्या फिशटँकवाल्यांकडे चौकशी केली तर मिळूही शकते. नाहीतर सकाळी लवकर जुन्या तळीच्या कडेला जायचं. तारेच्या वळ्यावर ओढणीचं बारीक कापड शिवून केलेली जाळी आठच्या आकड्यासारखी पाण्यात फिरवायची आणि काचेच्या बाटलीत उलटी करायची. बाटली उजेडासमोर धरली की उड्या मारत वर-खाली होणारे पिवळट ठिपके दिसतात. सरळ रेषेत झटके देत पळणारे लांबुडके ठिपके वेगळे, ते कोपेपॉड, ते नकोत. डासांसाठी गप्पी मासे सोडलेल्या तळीत वेळ घालवू नका, त्यांनी आधीच फराळ उरकलेला असतो.

पाळणं

कल्चर, म्हणजे पैदास, एका मोइनेपासूनच सुरू करा. सगळी परिस्थिती सुखाची असेल तर तिला नराची गरज लागत नाही. मादी आपल्यासारख्याच माद्या जन्माला घालते, त्यामुळे एकीपासून वाढलेल्या सगळ्या जवळपास एकसारख्या असतात. परीक्षेत हे फार उपयोगी पडतं. एक मेली नि दुसरी जगली तर तो अंगभूत फरक नाही, एवढी खात्री राहते.

काचेची चार लिटरची बरणी, तोंडावर मलमलचं फडकं. खाऊ दोन प्रकारचा. पहिला म्हणजे हिरवं पाणी. टबात पाणी आणि चिमूटभर शेणखत टाकून उन्हात आठवडाभर ठेवलं की सूक्ष्म शेवाळ माजून पाणी हिरवंगार होतं. दुसरा बेकरीचं यीस्ट, कोमट पाण्यात कालवून थेंब-थेंब. प्रमाणाचा ठोकताळा असा की खाऊ घातल्यावर पाणी किंचित धुरकट व्हावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा नितळ दिसावं. नितळ झालं नाही तर तुम्ही जास्त घातलंय, आणि यीस्टचा अतिरेक म्हणजे प्राणवायूचा दुष्काळ. आठवड्यातून दोनदा एक-तृतीयांश पाणी बदला.

मोइना लालसर दिसू लागल्या तर ओळखा की पाण्यात हवा कमी पडतेय. प्राणवायू धरून ठेवायला त्या जास्त हिमोग्लोबिन तयार करतात. आणि पाठीवर गडद खोगीर दिसू लागलं, तर गर्दी किंवा उपासमार झाली आहे. ती विश्रांतीची, वाळूनही टिकून राहणारी अंडी. अशा बरणीतली पिल्लं परीक्षेला घ्यायची नाहीत.

दहापट भिंगाखाली एक मोइना एका थेंबात ठेवून बघाच. अंग पारदर्शक. पाठीमागे इवलंसं हृदय इतकं भराभर थडथडतं की मोजता मोजता आकडा हुकतो. आतड्यात खाल्लेलं शेवाळ हिरव्या दोरीसारखं, आणि पाठीच्या पोकळीत काळे डोळे फुटलेली पिल्लं एकमेकांना ढोसत असतात. माझ्या भाचीने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती अर्धा तास टेबलावरून उठली नव्हती.

पाणी : सगळ्यात आधी हे नीट करा

परीक्षेसाठी एक असं पाणी लागतं ज्याच्याबद्दल आपल्याला सगळं माहीत आहे. त्यात पैदास करायची, त्यानेच नमुना पातळ करायचा. नळाचं पाणी क्लोरीनमुळे बाद. विहिरीचं चालेल असं वाटतं, पण जांभ्या दगडातल्या आमच्या विहिरींचं पाणी मऊ आणि किंचित आम्ल असतं. मोइनेला कवच बदलायला कॅल्शियम लागतं, ते त्यात पुरेसं नसतं.

तेव्हा पाणी बनवायचंच. दहा लिटर डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यात खायचा सोडा ०.९६ ग्रॅम, जिप्सम ०.६ ग्रॅम, एप्सम मीठ १.२ ग्रॅम आणि पोटॅशियम क्लोराइड ०.०४ ग्रॅम. सोनाराचा खिशातला काटा यासाठी पुरतो. शेवटचं मात्र त्यावर मोजता येणार नाही. म्हणून त्याचे ४ ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवा आणि त्यातले १० मिलिलिटर घ्या. जिप्सम विरघळायला चेंगट असतं, रात्रभर हवेच्या पंपाने बुडबुडे सोडत राहा. सकाळी हे पाणी मध्यम कठीण झालेलं असतं, कठीणता लिटरला ८० ते १०० मिलिग्रॅम, पीएच साधारण साडेसात.

एक इशारा. हल्ली घरच्या काही फिल्टरांत पाण्यात तांबं सोडणारी कांडी असते. माणसाला ते चालत असेल, पाणपिसूला नाही. असलं पाणी घेतलंत तर परीक्षा सुरू होण्याआधीच संपेल.

भांडी, हात आणि खोली

परीक्षेला मी चहाच्या टपरीवरचे छोटे काचेचे पेले वापरतो. स्वस्त, एकसारखे, आणि २५ मिलिलिटर पाणी सहज मावतं. प्लास्टिकचे कप नकोत, कारण कीटकनाशकांतली बरीच द्रव्यं प्लास्टिकला चिकटतात आणि पाण्यातलं विष भिंतीवर जाऊन बसतं. पेले व्हिनेगरच्या पाण्यात एक रात्र बुडवा, मग डिस्टिल्ड पाण्याने तीनदा खळखळून काढा. साबण लावलाच असेल तर तीनदाच्या ऐवजी दहादा.

माझी पहिली पूर्ण परीक्षा वाया गेली ती पाण्यामुळे नव्हे. चोवीस पेले मांडले, लेबलं लावली, रात्री निवांत झोपलो. सकाळी बघतो तर स्वच्छ पाण्याच्या पेल्यातल्यासुद्धा सगळ्या तळाशी. दोन दिवस पाणी तपासलं, खाऊ तपासला, पेले पुन्हा धुतले. शेवटी लक्षात आलं की त्या खोलीत संध्याकाळपासून डासांचं लिक्विड मशीन चालू होतं. त्यातलं औषध पायरेथ्रॉइड जातीचं, जलचर कीटक-कवचधाऱ्यांना अतिशय जहाल. पावसाळ्यात गोव्यात डासांवाचून रात्र नाही, तेव्हा एकतर मच्छरदाणी किंवा वेगळी खोली. हाताला डासांचं मलम, उदबत्ती, ताजा रंग, झुरळांचा फवारा, हे सगळं त्या खोलीबाहेर.

नमुना आणणं

काचेच्या स्वच्छ बाटल्या, प्रत्येकी निदान एक लिटर. त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळायची, मग प्रवाहाकडे तोंड करून पाण्याखाली भरायची, काठोकाठ, आत बुडबुडा न ठेवता. संशयाची जागा एक असली तरी नमुने दोन घ्या : तिच्या वरच्या अंगाचा आणि खालच्या अंगाचा. खालचं पाणी नुसतं वाईट निघून उपयोग नाही. वरच्यापेक्षा वाईट निघायला हवं. बाटली बर्फाच्या डब्यात अंधारात ठेवा पण गोठवू नका, आणि चोवीस तासांच्या आत परीक्षा लावा, फार तर छत्तीस. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर व्हाळात उतरू नका. लेप्टोचा, म्हणजे उंदराच्या मुताने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा, धोका आपल्याकडे खरा आहे. रबरी हातमोजे हवेतच.

घरी आल्यावर आधी मापं. तापमान, पीएच, टीडीएस पेनचा (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या पेनचा) आकडा, आणि मत्स्यपालनाच्या दुकानात मिळणाऱ्या थेंबांच्या किटने प्राणवायू आणि अमोनिया. ही पाच मापं वहीत नसतील तर पुढच्या निकालाला अर्थ नाही. याचं कारण मी स्वतःच्या फजितीने शिकलो. एका मे महिन्यात खाजन शेताच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेताच्या, मानशीजवळचं (पाणी आत-बाहेर सोडायच्या दारापाशचं) पाणी आणलं, मोइना सोडल्या, आणि बघता बघता सगळ्या बसल्या. मनातल्या मनात मी एका कारखान्याला फाशीही देऊन टाकली. मग टीडीएसचा पेन बुडवला, तर तो पाण्याला खारट म्हणत होता. मांडवीत उन्हाळ्यात भरतीचा प्रभाव गांज्यापर्यंत, म्हणजे मुखापासून सुमारे पन्नास किलोमीटर आत पोचतो. मानशीजवळ गोडं पाणी कुठून असणार? मोइनेने मीठच सांगितलं होतं, मी विष ऐकलं.

पावसातला लाल गाळ ही दुसरी अडचण. डिचोली-सांग्याकडच्या खाणपट्ट्यातून किंवा नुसत्या उघड्या जांभ्या मातीवरून आलेल्या पाण्यात गाळ एवढा असतो की मोइनेच्या खाण्याच्या गाळण्या तुंबतात. गाळून घेतलं तर प्रश्न सुटतो, पण जड धातू नि कीटकनाशकं बरीचशी गाळालाच चिकटलेली असतात, तीही गाळणीवर राहतात. मी दोन परीक्षा लावतो. एक, रात्रभर फ्रिजमध्ये निवळलेल्या पाण्याची. दुसरी, हलवून घेतलेल्या गढूळ पाण्याची. दोन्हींत फरक पडला तर तो स्वतःच एक निकाल. दोन्ही नमुने ओढणीच्या कापडातून मात्र काढाच, नाहीतर चतुराची अळी आत येते आणि तुमची वीस पिल्लं नाश्त्याला खाते.

मांडणी

आदल्या संध्याकाळी पिल्लं पोटात असलेल्या चाळीस-पन्नास मोइना थेंबणीने वेगळ्या करून ताज्या पाण्यात ठेवा. सकाळी त्या पाण्यात जी बारीक पिल्लं दिसतील ती सगळी चोवीस तासांच्या आतली. आया पुन्हा बरणीत. पिल्लांना दोन तास हिरवं पाणी खाऊ घाला, कारण परीक्षेत खाऊ मिळणार नाही.

आता पातळ करणं. पूर्ण नमुना २०० मिलिलिटर घ्या. त्यातले १०० काढून १०० मिलिलिटर बनवलेल्या पाण्यात मिसळा, झाला पन्नास टक्के. त्यातले १०० पुन्हा १०० मध्ये, पंचवीस. असंच साडेबारा आणि सव्वासहा. प्रत्येक तीव्रतेचे चार पेले, प्रत्येकी २५ मिलिलिटर. आणि नुसत्या बनवलेल्या पाण्याचे चार पेले, म्हणजे नियंत्रण गट. एकूण चोवीस पेले, प्रत्येकात पाच पिल्लं, म्हणजे एकशेवीस. वरच्या अंगाच्या पाण्याचे आणखी चार पेले लावले तर फारच उत्तम.

पिल्लं उचलायला शाई भरायची काचेची थेंबणी, तोंड थोडं रुंद आणि आचेवर गुळगुळीत केलेलं. सोडताना टोक पाण्याखाली नेऊन अलगद सोडा. वरून थेंब टाकलात तर कवचाखाली हवा अडकते, पिल्लू फुग्यासारखं पृष्ठभागावर तरंगत राहतं आणि तुम्ही ते विषबाधा म्हणून मोजता.

पेले तीव्रतेच्या क्रमाने मांडू नका, गंजिफा पिसाव्यात तसे मिसळा. लेबल पेल्याच्या बुडाला, आणि शक्य तर मोजणाऱ्याला कळू नये की कोणता पेला कोणता. मी भाचीला मोजायला बसवतो. माझ्या नजरेला संशयाच्या पेल्यातली प्रत्येक सुस्त मोइना मेलेलीच दिसते, याचा मला अनुभव आहे. वर काच झाका, सोळा तास उजेड, आठ तास अंधार, आणि तापमान दोन दिवस एका अंशाच्या आतबाहेर. मंगलोरी कौलांच्या घरात तळमजल्यावरची कोठी यासाठी छान. २६-२७ अंश ठेवलेत तरी चालेल, फक्त सगळे पेले एकाच ठिकाणी असू देत आणि आकडा वहीत लिहा.

मोजणं

चोवीस तासांनी एकदा, अठ्ठेचाळीस तासांनी एकदा. पेला हळुवार गोल फिरवा आणि मनात पंधरा आकडे मोजा. तेवढ्यात जे पोहू लागलं नाही ते "निश्चल". मेलं की नाही हा वाद घालायचा नाही. एवढ्या लहान जिवाचा मृत्यू ठरवणं कठीण, हालचाल थांबणं ठरवणं सोपं, म्हणून जगभर तीच खूण धरतात. तळाशी गोल गिरक्या घेणं, शिंगं फडफडवणं असं काही विचित्र दिसलं तर शेजारी टीप लिहा. पायरेथ्रॉइड आणि ऑर्गॅनोफॉस्फेट ही दोन्ही जातींची कीटकनाशकं म्हणजे मज्जासंस्थेवरची विषं, त्यांत मरण्याआधी असलं वागणं दिसू शकतं.

शेवटी प्रत्येक तीव्रतेच्या एका पेल्यात पुन्हा प्राणवायू आणि पीएच मोजा. प्राणवायू लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला असेल तर तो पेला विषाने नव्हे, गुदमरून मेला. आणि नियंत्रण गटात दहा टक्क्यांहून जास्त, म्हणजे विसात दोनपेक्षा जास्त निश्चल झाल्या असतील, तर सगळी परीक्षा रद्द. नमुन्याच्या पेल्यांतले आकडे कितीही मोहक असोत, रद्द म्हणजे रद्द.

आकडा काढणं

आपल्याला हवी ती तीव्रता जिच्यात निम्म्या मोइना थांबतात. समजा २५ टक्के नमुन्यात विसांपैकी ७ थांबल्या, म्हणजे ३५ टक्के. ५० टक्के नमुन्यात १५ थांबल्या, म्हणजे ७५ टक्के. निम्मा बिंदू या दोहोंच्या मध्ये. ३५ पासून ५० पर्यंत १५ चं अंतर, एकूण अंतर ४०, भागाकार ०.३७५. तीव्रता दुपटीने वाढत असल्याने हे अंतर लॉगवर मोजायचं. २५ चा लॉग १.३९८, ५० चा १.६९९, फरक ०.३०१. त्याचा ०.३७५ भाग म्हणजे ०.११३. बेरीज १.५११. फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर दहाचा तेवढा घात घेतला की ३२.४. म्हणजे नमुना तिपटीने पातळ केला तरी त्यात निम्म्या मोइना थांबतात. १०० ला ३२.४ ने भागलं की ३.१ विषमात्रा. पूर्ण नमुन्यातही निम्म्या थांबल्या नाहीत तर विषमात्रा एकाहून कमी, एवढंच लिहा. आकडा ओढूनताणून काढू नका.

दर महिन्याला एक परीक्षा आपल्याच मोइनांची घ्यायची. साधं शुद्ध सोडियम क्लोराइड लिटरला ०.५, १, २, ४ आणि ८ ग्रॅम, तीच पद्धत, तोच हिशेब. निम्मा बिंदू महिन्यामागून महिने जवळपास तिथेच यायला हवा. एखाद्या महिन्यात तो एकदम खाली आला तर तुमची पैदास आजारी आहे, त्या महिन्यातल्या इतर निकालांवर भिस्त ठेवू नका. पुस्तकात यासाठी पोटॅशियम डायक्रोमेट सांगतात. ते कर्करोगकारक आहे, घरात आणू नका.

"काय आहे" याच्या जरा जवळ

नमुना विषारी निघाला, आता संशयितांची ओळखपरेड. त्याच पाण्याच्या वाट्या करायच्या, प्रत्येकीवर एक उपचार करायचा आणि कुठल्या वाटीतलं विष नाहीसं होतं ते पाहायचं. ईडीटीए, म्हणजे धातूंना बांधून ठेवणारं रसायन, घातल्यावर मोइना जगल्या तर बोट धातूकडे. सोडियम थायोसल्फेटने जगल्या तर क्लोरीनकडे, अर्थात काही धातूही त्याने बांधले जातात. फिशटँकच्या फिल्टरमधला सक्रिय कोळसा वापरून जगल्या तर सेंद्रिय रसायनाकडे. नुसत्या हवेच्या बुडबुड्यांनी जगल्या तर उडून जाणारं काहीतरी, किंवा मुळात प्राणवायूचीच बोंब. पीएच कमी केल्यावर विष उतरलं आणि वाढवल्यावर चढलं तर अमोनिया, सांडपाण्याची खूण. पायपेरोनिल ब्युटॉक्साइड (कीटकनाशकांत मिसळतात ते जोडद्रव्य) मिळालं तर त्याची गंमत वेगळी. ते बऱ्याच ऑर्गॅनोफॉस्फेटांचं विष उतरवतं आणि पायरेथ्रॉइडांचं उलट चढवतं. प्रत्येक उपचार स्वच्छ पाण्यावरही करून बघायचा, नाहीतर ईडीटीएनेच मेलेल्या मोइनांचं खापर व्हाळावर फुटेल. एवढं झालं की प्रयोगशाळेच्या खिडकीवर "कशाची टेस्ट?" या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर असतं.

कुळागराच्या बाबतीत मला तांब्याचा संशय पहिला येतो, त्यालाही कारण आहे. तांब्याचा जहालपणा पाण्यानुसार बदलतो. कठीण पाण्यातलं कॅल्शियम आणि कुजलेल्या पानांचा अर्क त्याला आवरून धरतात. आमचं पाणी मऊ, म्हणजे तेच तांबं इथे जास्त झोंबतं. मऊ पाण्यात लिटरला काही दशक मायक्रोग्रॅम तांबंही पाणपिसवांना पुरतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. म्हणजे माणसाला निर्धोक पाण्यात पाणपिसू मरू शकते. मोइना मेल्या म्हणून गावात "विहीर विषारी" अशी आवई उठवू नका. उलटही तितकंच खरं. मोइना मजेत पोहतायत म्हणून ते पाणी पिण्याजोगं ठरत नाही. मैल्यातले जिवाणू, नायट्रेट, हळूहळू साचणारं आर्सेनिक यांची खबर दोन दिवसांत मोइना देत नाही.

खारं पाणी : आर्टेमिया

कुंभारजुव्याचा कालवा, साळ नदीचं तोंड, खाजनातली पोय (पाणी साठून राहणारा खोलगट भाग), अशा ठिकाणी मोइना कामाची नाही. तिथे आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला तसाच इवला कवचधारी जीव. तिची सुकी अंडी फिशटँकच्या दुकानात डबीत मिळतात. मीठ मात्र आयोडीनवाल्या पिशवीतलं नको. मिठागरातलं जाडं मीठ घ्या, लिटरला ३० ग्रॅम, चिखल निवळू द्या, गाळा, आणि खायचा सोडा चिमूटभर. दोन लिटरची शीतपेयाची बाटली बूड कापून उलटी टांगा, बुचाच्या बाजूने हवा सोडा, शेजारी दिवा. आपल्या तापमानात चोवीस ते छत्तीस तासांत अंडी फुटतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबलं की टरफलं वर जातात, न फुटलेली अंडी खाली बसतात आणि नारिंगी पिल्लं दिव्याकडे जमतात, तिथून ओढून घ्यायची.

लगेच वापरू नका. पहिल्या अवस्थेत पिल्लाचं तोंडच उघडलेलं नसतं, ते आपल्या पिवळ्या बलकावर जगतं, म्हणून पाण्यातलं विष त्याला कमी लागतं. आणखी एक दिवस जाऊ द्या. परीक्षा चोवीस तासांची, दहा पिल्लं एका पेल्यात, बाकी सगळं वरच्यासारखं. फक्त नमुन्याचा खारेपणा आधी मीठ घालून ३० ग्रॅमपर्यंत आणायचा आणि तसंच मीठ घातलेलं स्वच्छ पाणी नियंत्रणाला. आर्टेमिया मोठी चिवट. ती मेली तर मामला गंभीर समजा, जगली म्हणून निश्चिंत होऊ नका.

निकाल कुणाला दाखवायचा

तुमची वही कायद्याने पुरावा नाही. १९७४च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २१ नुसार नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाने, ठरलेल्या रीतीने आणि संबंधिताला नोटीस देऊन घ्यावा लागतो. आपल्याकडच्या सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत जीवपरीक्षा आहेच. न पातळ केलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जगले पाहिजेत. म्हणून साळगावच्या मंडळाला पत्र लिहिताना "पाणी घाण आहे" असं न लिहिता जागा, तारीख, वेळ, भरती की ओहोटी, वरच्या आणि खालच्या अंगाचे आकडे, नियंत्रण गटाचा आकडा, असं लिहा आणि जीवपरीक्षेची मागणी करा. कुणाचं नाव घेऊ नका. ते त्यांच्या नमुन्यातून निघू दे.

परीक्षा संपली की पेल्यांतलं सगळं उकळत्या पाण्यात. दुकानातून आणलेली आर्टेमिया किंवा मोइना तळ्यात सोडायची नाही. नमुन्याचं उरलेलं पाणीही दुसऱ्या व्हाळात ओतू नका.

राहिली चतुर्थी. घरात पाहुणे, पाच दिवस बरणीकडे बघायला कुणाला सवड नाही, आणि परत येऊन बघावं तर पाणी दुधट आणि बरणी सामसूम. म्हणून दोन बरण्या दोन वेगळ्या खोल्यांत. शिवाय उन्हाळ्याच्या अखेरीस एका बरणीत मुद्दाम गर्दी होऊ द्यायची, खाऊ आटवायचा, पाठीवर खोगिरं दिसली की तळाचा गाळ कापडावर घेऊन सावलीत वाळवायचा. तो कागदात बांधून, तारीख घालून कपाटात ठेवा. बरणी गेलीच तर चमचाभर गाळ बनवलेल्या पाण्यात टाकून खिडकीतल्या उजेडात ठेवायचा. काही दिवसांत पाण्यात पहिला ठिपका उडी मारतो.